परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा असून माती काळी आहे. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास मेथी, गाजर, फ्लॉवर, वांगी, मटार असे सारे एकाच रविवारी लावले. मेथी पिवळी पडली, फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढेच राहिले आणि गाजरांना दोन-दोन पाय फुटले. निदान भोगीची भाजी तरी घरची व्हावी, अशी इच्छा आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रावरून खताची किंवा मेहनतीची उणीव दिसत नाही, घोटाळा आहे तो सारे एकाच दिवशी लावण्यात. सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो आणि काळी माती तो पोटात धरून बसते, त्यामुळे मेथीसारख्या नाजूक मुळांची भाजी त्या चिखलात पिवळी पडते. आणि पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरचे ऊन सुरू होते. म्हणून भोगीची तारीख, म्हणजे १३ जानेवारीचा सुमार, समोर ठेवून प्रत्येक भाजीचे दिवस मागे मोजावेत.

वांग्याचे बी ऑगस्टअखेर वाफ्यात टाकून ४ ते ५ आठवड्यांची रोपे ऑक्टोबरच्या आरंभी लावली, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात वांगी मिळू लागतात. पावटा सप्टेंबरच्या शेवटी टोकावा. गाजराला सुमारे ९० ते १०० दिवस लागतात, म्हणून त्याची पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि हरभऱ्याची त्यानंतर आठवडाभरात करावी, म्हणजे घाटे हिरवे असतानाच हाती येतात. मटाराला मात्र घाई नको. उन्हात त्याचा फुलोरा गळतो. अर्केलसारखी लवकर येणारी जात ऑक्टोबरअखेर टोकली तरी ती वेळेत पोचते. मेथी आणि पालक महिन्याभरात तयार होतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी हातभर वाफा पेरत राहावा.

फ्लॉवरचे गड्डे लहान राहिले, याचे कारण बहुधा रोपांतच असावे. रोपवाटिकेत फार दिवस राहून जून झालेली रोपे, किंवा लावल्यावर पाणी साचून वाढ खुंटलेली रोपे, पानांचा पसारा होण्याआधीच गड्डा धरतात. रोप घेताना जात अवश्य विचारावी. पुसा दीपालीसारखी हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी, जात आपल्या हवेला मानवते. स्नोबॉल प्रकारच्या जातींना आपल्याकडे पडते त्याहून अधिक थंडी लागते, त्यामुळे पाकिटावरचे चित्र कितीही देखणे असले तरी त्यांच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाजराला पाय फुटतात ते घट्ट माती, खडे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत मुळाच्या वाटेत आल्यामुळे. त्यासाठी फूटभर उंचीचा गादीवाफा करून काळ्या मातीत निम्म्याच्या आसपास वाळू आणि जुने, भुसभुशीत शेणखत मिसळावे. माती वाफशावर आली की नाही हे मुठीत दाबून पाहावे : गोळा अंगठ्याने सहज फुटला तर खणावे, तो चिकटून चकाकू लागला तर दोन दिवस थांबावे. बी जागेवरच पेरावे, वरून ओले गोणपाट अंथरावे आणि दोऱ्यासारखे कोंब दिसू लागताच ते संध्याकाळच्या वेळी काढून घ्यावे, कारण भर दुपारी उघडे पडलेले कोंब करपतात. पुढे दोन रोपांत बोटभर लांबीचे अंतर ठेवून विरळणी करावी. ती करताना जीव तुटतो, पण दाटीत गाजर पोसत नाही.

प्रश्न : होटगी रस्त्यावरील आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुंड्या आहेत. नळाचे पाणी रोज येत नसल्यामुळे बोअरचे खारे पाणी घालावे लागते व मातीवर पांढरा थर येतो. घेवडा तर पानांच्या कडा जळून गेला. अशा पाण्यावर काय येईल?

उत्तर : तो थर क्षारांचा आहे. रोज थोडे थोडे पाणी घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. म्हणून सप्टेंबरमध्ये खालच्या ताटल्या काढून कुंड्या पावसात उघड्या ठेवाव्यात, जेणेकरून क्षार पाण्याबरोबर भोकांतून वाहून जातील; पुढे नळाचे पाणी येईल त्या दिवशी ते तळातून निथळेपर्यंत घालावे. घेवडा आणि गाजर खारेपणा मुळीच सोसत नाहीत, त्यांचा नाद सोडावा. बीट आणि पालक तो बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे अधिक कुंड्या त्यांना द्याव्यात.

प्रश्न : घरातलेच धणे पेरले, पण कोथिंबीर उगवत नाही.

उत्तर : अख्ख्या धण्यात दोन बिया असतात. ते चपलेखाली हलकेच रगडून दोन डाळी कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि अर्ध्या इंचाहून खोल पेरू नयेत. धणे जुने नसावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. तोवर माती उकरून पाहू नये.