नववीच्या मुलांना वर्षाअखेरचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प स्वतः ठरवू द्यावा का?

द्या की! फक्त एक अट घाला: आधी आकडा सांगायचा, मग मोजायचं. नाहीतर थर्माकोलचा ज्वालामुखी येतो, तोही बाबांनी रंगवलेला.

आमच्या कोल्हापुरात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. त्यावरून माझ्या वर्गातल्या तिघींनी विचारलं, 'सर, आपोआप उघडणारं दार आपण करूया?' धरणातली यंत्रणा वेगळी, पण कल्पना झकास. काचेच्या टाकीत पत्र्याचं उभं दार, आडवा आस तळापासून 5 सेंमीवर, आसाखालच्या भागाला मागून टेकू. पाण्याचा एकूण जोर तळापासून पाण्याच्या एक तृतीयांश उंचीवर लागतो. म्हणजे पाणी 15 सेंमीच्या वर गेलं की तो जोर आसाच्या वर लागतो आणि दार उलटायला हवं. उलटलं 17 ला! कडेला गळती थांबवायला लावलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर घासत होतं. ते शोधण्यात दोन तास गेले, आणि खरं सांगायचं तर वर्षभरात त्या एवढ्या भांडल्या नव्हत्या.

मार्क देताना मी मॉडेल कमी, वही जास्त बघतो. खाडाखोड असेल तर उत्तम. विषय मात्र जानेवारीतच ठरवून घ्या, मार्चमध्ये कुणालाच वेळ नसतो.