दोन उत्तरं आली, तरी ‘उकल नाही’ कसं?

प्रश्न : |२क्ष − ३| = क्ष − ६ हे समीकरण मी अधिक आणि उणे अशी दोन्ही चिन्हं घेऊन सोडवलं. क्ष = −३ आणि क्ष = ३ आलं. पुस्तकामागे मात्र ‘उकल नाही’ असं छापलंय. माझं कुठे चुकलं?
– अकरावीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुझी आकडेमोड बिनचूक आहे, आणि पुस्तकही बरोबर आहे. क्षच्या जागी ३ ठेवून बघ. डावीकडे ३ येतात, उजवीकडे −३. आता −३ ठेव. डावीकडे ९, उजवीकडे −९. दोन्ही वेळा आकडा जुळतो, चिन्ह जुळत नाही.

समीकरणातल्या दोन उभ्या रेघा म्हणजे केवलमूल्य, आणि केवलमूल्य म्हणजे अंतर. साताऱ्याच्या वाढे फाट्यापासून महामार्गाने दहा किलोमीटरवरचं ठिकाण पुण्याच्या बाजूला असेल नाहीतर कराडच्या. म्हणून दोन उत्तरं निघतात. पण अंतरच उणे दहा असेल, तर तसं ठिकाण कुठल्याच बाजूला सापडायचं नाही. तुझ्या समीकरणात क्ष − ६ हे अंतराच्या जागी बसलंय. तेव्हा आधी लिही : क्ष − ६ ≥ ०, म्हणजे क्ष ≥ ६. तुझी दोन्ही उत्तरं सहापेक्षा लहान, म्हणून दोन्ही बाद.

मग ती आली कुठून? मला हा भाग फार आवडतो. दोन्ही चिन्हं घेतलीस तेव्हा तू खरं म्हणजे |२क्ष − ३| = |क्ष − ६| हे समीकरण सोडवलंस. त्याची उत्तरं ३ आणि −३ हीच आहेत, ताळा करून बघ. दिलेलं समीकरण त्याहून कडक होतं, कारण उजवीकडे त्या उभ्या रेघा नव्हत्या.

एक मात्र सांभाळ. शनिवार पेठेत माझ्याकडे शिकवणीला येणारी मुलं ही अट शिकली, की क्षची किंमत ऋण दिसताच काट मारतात. तसं करू नकोस. |२क्ष − ३| = क्ष + ६ घे. क्ष = ९ आणि क्ष = −१ येतं. −१ ठेवलंस तर डावीकडे |−५| म्हणजे ५, उजवीकडेही ५. दोन्ही उत्तरं खरी. अट उजव्या बाजूवर आहे, क्षवर नाही.

आता |क्ष − ४| = २क्ष + १ सोडव. दोन किमती येतील, एकच टिकेल. कुठली आणि का, ते आधी अट लिहून मगच ठरव.