वाचकांचे प्रश्न : भ्रूणांच्या लॅबमध्ये शिकायचं तर

टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) लॅबमध्ये काम करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या वाचकांची चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : एम.एस्सी. बायोटेक झालंय. पंधरा दिवसांचा आयव्हीएफ कोर्स केला की एम्ब्रियॉलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) होता येतं, अशी जाहिरात वाचली. वडील सोयाबीनच्या पैशातून दीड लाख फी भरायला तयार आहेत. भरू का? (लातूर)

भरू नका. सहायक जननतंत्रज्ञानाचा कायदा 2021 चा आणि त्याचे नियम 2022 चे. त्यात पात्रता स्पष्ट लिहिली आहे. क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची चार सेमिस्टरची पूर्णवेळ एम.एस्सी. केली असेल, तर पुढे मानवी बीजं आणि भ्रूण हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमच्यासारख्या बायोटेक किंवा लाइफ सायन्सच्या पदव्युत्तर पदवीधरांना लॅबमध्ये राहून किमान एक वर्षाचं पूर्णवेळ प्रमाणित प्रशिक्षण आणि त्याशिवाय नोंदणीकृत लेव्हल-2 (जिथे आयव्हीएफ होतं अशा) क्लिनिकमधला चार वर्षांचा अनुभव हवा. पंधरा दिवसांत उपकरणांची तोंडओळख होते, त्यापलीकडे काही नाही. खर्च करायचाच असेल तर तो वर्षभराच्या प्रशिक्षणावर किंवा मणिपालला आहे तशा दोन वर्षांच्या एम.एस्सी.वर करा.

प्रश्न : प्रशिक्षणाची जागा निवडताना काय विचारावं? (परभणी)

एकच विचारा : स्वतःच्या हाताने काय काय आणि किती वेळा करायला मिळेल? नुसतं मागे उभं राहून बघायचं असेल तर ती जागा सोडा.

सुरुवात वीर्यतपासणीने व्हावी. नमुना पातळ होऊ द्यायचा, नीट हलवून मगच काउंटिंग चेंबरमध्ये (मोजणीच्या आखलेल्या काचपट्टीवर) घ्यायचा, दोन वेळा प्रत्येकी किमान 200 शुक्राणू मोजायचे आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. फरक जास्त आला तर नमुना पुन्हा घ्यायचा. न हलवता घेतला की मोजणी चुकलीच म्हणून समजा.

मग एगभोवतीच्या, म्हणजे स्त्रीबीजाभोवतीच्या, पेशी काढणं (डेन्युडेशन). त्या पेशी सुट्या करणारं एन्झाइम हायल्युरोनिडेज 80 युनिट प्रति मिलिलिटर, आणि एग त्यात अर्धा मिनिट, फार तर एक. नंतर आधी 170 आणि मग 140 मायक्रॉनच्या पिपेटमधून (बारीक नळीतून) हळू वर-खाली. एग स्वतःच सुमारे 120 मायक्रॉनचं असतं, त्यामुळे घाईने बारीक पिपेट वापरली तर ते चिरडतं. हा सराव टाकून द्यायच्या, अपरिपक्व एगवर आणि रुग्णाची लेखी संमती घेऊनच.

इक्सी, म्हणजे सुईने एक शुक्राणू थेट एगमध्ये सोडणं, सगळ्यांत शेवटी. घड्याळाच्या तबकडीसारखं बघितलं तर पोलर बॉडी (एगच्या कडेची छोटी पेशी) 12 किंवा 6 वाजता, सुई 3 वाजता. कारण स्पिंडल (गुणसूत्रं धरून ठेवणारी रचना) बहुधा पोलर बॉडीजवळ असतं, त्याला सुई लागू नये. नवशिक्यांचं इथे ठरलेलं चुकतं : सुई आत गेल्यासारखी दिसते, पण एगचं पटल फक्त ताणलं जातं, फाटत नाही, आणि शुक्राणू त्या घडीतच बाहेर राहतो. म्हणून हलकं ओढून बघायचं. आतला द्रव एकदम सरकला की पटल फुटलं, लगेच थांबायचं. जास्त ओढलं तर एग मरतं.

फलनाची तपासणी 16 ते 18 तासांनी होते, ती वेळही पाळायला शिका. उशीर झाला की प्रोन्यूक्लियस (एग आणि शुक्राणूची फलनानंतर दिसणारी केंद्रकं) विरून जातात, आणि तीन प्रोन्यूक्लियसचं बिघडलेलं भ्रूण दोनवाल्या चांगल्यात मिसळून बसतं. ही चूक नंतर नुसत्या डोळ्यांना सापडत नाही.

प्रश्न : मुंबईत शिकलेली पद्धत छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमध्ये तशीच चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

दोन बदल करावे लागतील. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. तिथे इनक्युबेटरला (भ्रूण वाढवायच्या कपाटाला) 6 टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवत असाल तर तोच परिणाम मिळायला इथे साधारण 6.4 टक्के लागतो. मात्र आकडा पाठ करू नका. मीडियाचा (भ्रूण वाढतात त्या द्रवाचा) पीएच मोजा, आणि बाटलीवर दिलेल्या मर्यादेत, बहुतेकदा 7.2 ते 7.4, येईपर्यंत सेटिंग सरकवा.

दुसरा मराठवाड्याचा उन्हाळा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, वर लॅमिनार फ्लोचा (गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्राचा) वारा, त्यात मीडियाचा 20 मायक्रोलिटरचा थेंब उघडा राहिला तर बघता बघता आटतो. क्षार दाटतात, ऑस्मोलॅलिटी (द्रवातल्या विरघळलेल्या कणांचं प्रमाण) चढते आणि भ्रूण मंदावतं. ठपका मात्र एगवर येतो. डिश गरम स्टेजवर बनवू नका. एका वेळी चार-पाच थेंबच टाका आणि लगेच तेल ओता. आम्हाला पटलेली रीत अशी : थेंब टाकून तेलाने झाका, मग तेलाखालचा तो थेंब ओढून घ्या आणि त्याच जागी ताजा भरा. आटलेलं सगळं त्यासोबत निघून जातं.

प्रश्न : नातेवाईक विचारतात, मुलाचंच भ्रूण निवडता येईल का? काय सांगू? (बीड)

नाही, एवढंच सांगा. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याने गुन्हा आहे, आणि भ्रूणांची जनुकीय तपासणी ठरावीक आजारांसाठीच करता येते. बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, तेव्हा इथे हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. विषय निघाला त्याच वेळी तुमच्या वरिष्ठ डॉक्टरांच्या कानावर घाला.