आईला स्टुडिओत नेताय? मग तिला आधी सांगा

तुमचा प्रश्न वाचला. आई दिवाळीनंतर साठ पूर्ण करतेय, ती सांगलीत, तुम्ही पुण्यात. वडील गेल्यापासून फोनवरचं बोलणं "जेवलीस का, गोळी घेतलीस का" याच्या पुढं सरकत नाही. म्हणून वाढदिवसाला तिला न सांगता स्टुडिओत न्यायचं आणि दोघींचा छान फोटो काढायचा, असा बेत आहे. आई आता टिकली लावत नाही, फोटोत काय करावं हे कळत नाही. सात वर्षांच्या मुलीला आणावं का, हाही प्रश्न आहे. मिस्टरांचं म्हणणं, मोबाईल असताना पैसे कशाला घालवायचे. आणि यानं खरंच जवळीक वाढते का, असंही विचारलंय.

मी सांगलीतच एका स्टुडिओत आहे. पासपोर्ट फोटो कापण्यापासून सुरुवात केली, आता पोर्ट्रेट मीच काढते. मायलेकी येताना कशा येतात आणि जाताना कशा जातात ते बघून सांगते.

मोबाईलवर फोटो चांगले निघतात, त्यात वाद नाही. पण गॅलरी उघडून आईचे फोटो कोणते आहेत ते बघा. लग्नातले, घोळक्यातले, नातीला धरलेले, नाहीतर पंगतीत वाढताना कडेला अर्धे आलेले. फक्त तुम्ही दोघी आहात, असा किती सापडतो? स्टुडिओत पैसे मोजायचे ते त्या तास-दीड तासाचे. तेवढ्या वेळात दोघींपैकी कुणालाच दुसरं काही काम नसतं.

आता जवळिकीचं. फोटोनं ती वाढते असं मी म्हणणार नाही. फोटोच्या तयारीनं वाढते, आणि तुमच्या बेतात नेमकी तीच नाही. सरप्राइज म्हटलं की तयारी उडालीच. पोरींना वाटतं, आई एकदम खूश होईल. होतं असं की आई रोजच्या साडीवर, केसांची मुळं पांढरी दिसतायत अशी आरशासमोर येऊन उभी राहते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तिचा चेहरा "आधी सांगायचं होतंस की" असाच येतो. कुठल्याही लायटिंगनं तो जात नाही.

म्हणून आठ-दहा दिवस आधी सांगा. ती म्हणेल, "माझं काय आता फोटो काढायचं वय राहिलंय व्हय?" हे चहाला पहिल्यांदा नको म्हणतात तसलं आहे, मनावर घेऊ नका. वादही घालू नका, "तू किती छान दिसतेस" वगैरे तर अजिबात नको. फक्त विचारा, "तुझी ती इरकल अजून आहे का गं? मला नेसायचीय."

मग कपाट उघडतं. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, जुन्या पातळात गुंडाळलेल्या साड्या बाहेर येतात. ही तुझ्या बारशाला मामीनं दिली, ही तुझ्या वेळी सातव्या महिन्यात घेतली, ही घडीवरच विरली बघ. (जरीची साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवरच फाटते, त्यामुळं या निमित्तानं घड्या मोडून होतात तेही बरंच.) यातली एखादी वडिलांनी आणलेली असणार आणि तिथं त्यांचा विषय निघणार. निघू द्या. "रडू नको" म्हणत आवरायला जाऊ नका. ज्या गोष्टी फोनवर निघत नाहीत त्या साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून निघतात. एवढं झालं तर माझ्या हिशेबी निम्मे पैसे तिथंच वसूल.

आईला जी साडी हवी ती आईनं ठरवावी. दोघींनी एकसारखं घालायची सध्या टूम आहे. तुमच्या लेकीबरोबर तुम्ही खुशाल घाला, पण साठीच्या बाईला ते गणवेशासारखं वाटतं. रंग एकमेकांशी भांडत नसले म्हणजे झालं. बारीक चौकडा तेवढा टाळा, कॅमेऱ्यात त्यावर लहरी उमटतात.

टिकलीचं जरा सविस्तर सांगते. हेरवाड आपल्यापासून फार लांब नाही. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि पुढं राज्य सरकारनंही बाकीच्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण ठराव झाला म्हणून आईचा हात आपसूक कपाळाकडं जात नाही. हा विषय स्टुडिओत, परक्या माणसासमोर काढू नका. घरी एकदाच विचारा आणि ती म्हणेल ते खरं धरा. टिकल्यांचं पाकीट मात्र पर्समध्ये असू द्या, कारण ऐनवेळी मन बदलतं. आमच्याकडं आलेल्या एका बाईंनी लेकीच्या कपाळावरची टिकली काढून स्वतःला लावली, दोन फोटो काढून घेतले आणि टिकली परत लेकीच्या कपाळावर चिकटवली. फोटो निवडताना लेकीनं तेच दोन निवडले. टिकली जराशी तिरकी बसली होती. सरळ करून देऊ का विचारलं, तर दोघी एकदमच नको म्हणाल्या.

आता स्टुडिओतलं. लेकीच्या केसांना तेल लावायचं थांबलं की आपल्या घरांत मायलेकींचा स्पर्शही थांबतो. पाया पडण्यापुरता उरतो. त्यामुळं फोटोग्राफरनं नुसतं "जवळ या, खांद्यावर हात ठेवा" म्हटलं की हात खांद्यावर जातो, पण त्याचं वजन पडत नाही. बोटं अधांतरी राहतात आणि फोटोत ते लगेच दिसतं. म्हणून मी आधी पोझ देतच नाही. लेकीला आईच्या निऱ्या सारख्या करायला लावते. लेक खाली बसून निऱ्या ओढते, वरून आईच्या सूचना सुरू होतात, "अगं घट्ट धर, मधली सुटली." मग पदराची पिन, मग गजरा, मग आई लेकीच्या कानामागची बट सारखी करते. आता त्या इतक्या जवळ आलेल्या असतात की मला फक्त "इकडं बघा" म्हणायचं उरतं.

पिन लावायला परका पुरुष पुढं झाला की आई आखडते. तेव्हा कॅमेऱ्यामागं नाही तरी मदतीला बाई आहे का, हे बुकिंगलाच विचारा. जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि फोटो काढायला बाईच ठेवली. धंदा कळणारा माणूस! जिनाही विचारून घ्या. सांगलीत गावभागातल्या जुन्या इमारतींचे जिने साठीच्या गुडघ्यांना जड जातात, विश्रामबागकडं तळमजल्याला किंवा लिफ्टची जागा मिळू शकते. आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, बहुतेक फोटोग्राफर कार्यालयात अडकतात. शक्यतो त्याच्या आधीचा, आईचा उपवास नसलेला एखादा मधला वार धरा, सकाळचा.

आई चष्मा लावत असेल तर काढायला लावू नका. लाइट थोडा वर घेतला आणि चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलल्या की काचेतली चमक जाते. लाइट मोठ्या सॉफ्टबॉक्सचा (पांढऱ्या कापडामागून मऊ होऊन येणारा), जवळून आणि समोरच्या अंगानं हवा. लहान लाइट कडेनं मारला की एकेक सुरकुती कोरून निघते. मोबाईल हातभर अंतरावर धरला की जवळच्या चेहऱ्याचं नाक फुगतं, स्टुडिओत लांब उभं राहून ८५ मिलिमीटरसारख्या लेन्सनं काढलं की चेहरा जसा आहे तसा येतो. एडिटिंगबाबत मात्र तोंडानं स्पष्ट सांगा, गोरं करू नका. न सांगता केलं जातं, मग चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या. पुटकुळी काढू दे, तीळ राहू दे.

प्रिंट घ्याच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर लोक पिशव्यांतून अल्बम घेऊन येत होते. जुने कृष्णधवल प्रिंट धुऊन, वाळवून बरेचसे हाती लागले. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे शाई वाहून गेलेले. चिकटून वाळलेले फोटो ओढले तर चेहराच सुटून येतो, ते ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात सोडवायचे असतात, तेही दोन दिवसांच्या आत. तेव्हा लॅबमधून फोटो पेपरवर प्रिंट काढून घ्या, काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घाला, एक सांगलीत ठेवा, एक पुण्यात. मूळ फाइलही मागा. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

दोघींत जुनं काही भांडण असेल तर ते आधी घरी बोलून घ्या. ते कॅमेऱ्यासमोर मिटताना मी बघितलेलं नाही, उलट तिथं जास्त दिसतं.

मुलीला आणा, पण सुरुवातीला नको. ती आली की आईची लगेच आजी होते, तुमच्याकडं बघायचंच सोडते. तासाभरानं कुणीतरी तिला घेऊन येऊ दे, शेवटी तिघींचे चार-पाच फोटो काढा. खायला भडंग चालेल, चॉकलेट देऊ नका. ते हात इरकलीलाच पुसले जातात.