कोकण किनारा: ट्रेनने जायचं की भाड्याची गाडी घ्यायची?

प्रश्न: नमस्कार. डिसेंबरच्या शेवटी मुलाला सुट्टी आहे तेव्हा आठ दिवस कोकणात जायचं ठरतंय, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, मालवण असं सगळं किनाऱ्याकिनाऱ्याने. मी, बायको, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. स्वतःची गाडी नाही. मेव्हणा म्हणतो सेल्फ ड्राइव्ह घे, बायको म्हणते सरळ ट्रेनने जाऊ. मला ड्रायव्हिंग येतं पण घाटात फारसं केलेलं नाही. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यातून काढा, कोकण रेल्वे समुद्राच्या कडेने जात नाही. ती बरीच आतून, डोंगर पोखरत जाते, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यामुळे मुलाला खिडकीतून समुद्र दाखवतो असं कबूल करून ठेवू नका, रत्नागिरी येईपर्यंत तुमचं डोकं खाईल. स्टेशनवर उतरल्यावर पुढे किती जायचंय ते बघा. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूणहून गुहागर चाळीस-पंचेचाळीस, रत्नागिरीहून गणपतीपुळे पंचवीसेक, कुडाळहून मालवण तीसेक. म्हणजे ट्रेनने गेलात तरी शेवटच्या टप्प्याला रिक्षा, एसटी नाहीतर गाडी लागणारच. आणि रत्नागिरी स्टेशनसुद्धा गावापासून लांब आहे, उतरलो आणि चालत लॉजवर गेलो असं होत नाही.

आता सेल्फ ड्राइव्हचा हिशोब. डोंबिवली ते मालवण जवळपास पाचशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन हजार आणि तिथलं फिरणं धरून बाराशेच्या पुढे. लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तरी ऐंशी लिटर पेट्रोल, म्हणजे आठेक हजार इथेच गेले, वर आठ दिवसांचं भाडं, टोल आणि अडकून पडलेलं डिपॉझिट. त्या आठातले दोन-तीन दिवस गाडी तारकर्लीला होमस्टेच्या अंगणात नुसती उभी राहणार आणि भाडं चालूच (नारळाच्या झाडाखाली लावू नका एवढं तरी ऐका, काच फुटली तर डिपॉझिट विसरा). आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-गोवा हायवेला तुमच्यासारखीच अख्खी मुंबई निघालेली असते. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय, कशेडीला बोगदा झाला हे चांगलंच झालं, पण इंदापूर-माणगावच्या बाजारपेठेत सुट्टीत जी गाडी थांबते ती थांबते. तिथे क्लच दाबून तुमचा पाय दुखणार आणि मागच्या सीटवर सासूबाईंचे गुडघे. ट्रेनमध्ये त्या उठून चार पावलं चालू शकतात, बाथरूम डब्यातच आहे, हायवेवर बायकांसाठी बरं बाथरूम शोधत बसावं लागतं हे मेव्हण्याने धरलेलं दिसत नाही.

म्हणून माझं सरळ मत, बायकोचं ऐका, पण अर्धंच. जाता-येता ट्रेन आणि मधे ड्रायव्हरसकट गाडी. ठाण्याहून वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास मिळते आणि दहाच्या आत रत्नागिरीला सोडते, शुक्रवारी ती नसते हे बघून तारीख ठरवा. नाहीतर मांडवी आहेच, ती वेळ जास्त घेते पण खाण्यापिण्याची चंगळ असते, मुलगा खूश होईल. रत्नागिरी-गणपतीपुळ्यात दोन-तीन मुक्काम करा, आरे-वारेचा रस्ता रिक्षाने केलात तरी चालतो आणि खरा समुद्र तिथे दिसतो, वळणावळणाला. मग तिथलीच एक टॅक्सी ठरवून दिवसभराचा निवांत प्रवास करत मालवणला उतरा. पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, पुढे जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा. या एका दिवसासाठी पैसे मोजा, बिनधास्त मोजा. टॅक्सीवाला परतीचं भाडं लावणार कारण गाडी रिकामी परत न्यायची असते, त्यावर वाद घालू नका, आठ दिवस गाडी ठेवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. मालवण-तारकर्लीला उरलेले दिवस काढा आणि कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे ठाण्याला या, सासूबाईंना लोअर बर्थ मागून घ्या.

हरिहरेश्वर, दापोली, गुहागर मात्र या वेळी यादीतून काढा. राग येईल पण आठ दिवसांत सगळं करायचं म्हणजे रोज बॅगा भरायच्या आणि रोज सासूबाईंना गाडीत बसवायचं.

बुकिंग मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, म्हणजे नाताळाच्या आसपासची तिकिटं ऑक्टोबरच्या शेवटी निघतात. सकाळी आठला लॉगिन करून बसा, साडेआठला वेटिंग लागलेलं असतं.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, पुण्याहून चार दिवसांत दापोली-गुहागर-जयगड करायचं आहे. दोघींनाही घाटात गाडी चालवायची सवय आहे. ट्रेन बरी पडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुम्हाला गाडीच. पुण्याहून ट्रेनने दापोलीला जायचं म्हणजे आधी पनवेलला या, तिथून खेडला जा आणि मग एसटी पकडा, त्यापेक्षा ताम्हिणीतून माणगावला उतरा, दुपारच्या जेवणाला दापोलीत. आणि हा टप्पा आहेच गाडीचा, कारण मधे खाड्या आहेत आणि खाडीवर फेरीबोट आहे. दाभोळला गाडी बोटीत घातली की दहा-पंधरा मिनिटांत धोपावे, तेच रस्त्याने खेड-चिपळूण करून गेलात तर शंभरावर किलोमीटर. पुढे तवसाळ ते जयगड परत बोट. बोटीत गाडी चढवताना मात्र डोकं शांत ठेवा, ते पोरगं समोर उभं राहून हाताने दाखवतं, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे काटा, बास, आणि पुढच्या गाडीच्या बंपरला चार बोटं राहिलेली असतात. त्याच्या हाताकडेच बघायचं, आरशात नाही. हँडब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा आणि मग खाली उतरून फोटो काढा. शेवटची बोट किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा, रात्री धक्क्यावर अडकलात तर जवळ राहायची सोय असेलच असं नाही.

गाडी घेताना नंबरप्लेट बघा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तरच ती सेल्फ ड्राइव्हची कायदेशीर गाडी. पांढऱ्या पाटीची कोणाची तरी घरची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, पोलिसांनी पकडलं तर एक आणि ठोकली तर इन्शुरन्सवाले हात वर करणार ते वेगळंच. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, टायर आणि स्टेपनीसकट, आणि किलोमीटरची लिमिट किती ते विचारा. दापोलीजवळच्या मुरुडला किंवा गुहागरला वाळूवर गाडी घालायचा मोह होईल, इतर लोक घालताना दिसतील सुद्धा. भरती आली की चाकं रुततात, मग ट्रॅक्टरवाला येतो आणि त्याचा दर तोच ठरवतो.