वाचकांचे प्रश्न : लढाईवर जाऊन आलेल्या गुरुजींचं लिहायचं कसं?

प्रश्न : माझे आजोबा गेल्या वर्षी 98 व्या वर्षी गेले. तरुणपणी ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. परत आल्यावर प्राथमिक शिक्षक झाले आणि शेवटपर्यंत गावाचे गुरुजीच राहिले. पहिल्या स्मृतिदिनाला छोटी पुस्तिका काढायची आहे. काका म्हणतात, लढाईचं भरपूर येऊ दे. पण आजोबा त्याबद्दल घरात अक्षरही बोलले नाहीत. ट्रंकेत दोन-तीन मेडल आणि एक इंग्रजी कागद आहे, बाकी काही नाही. सुरुवात कुठून करू? – एक नात

उत्तर : ताई, काकांची इच्छा मला समजते, पण मी तुमच्या बाजूचा आहे. आजोबा 98 वर्षं जगले. त्यातली लढाईची फार तर तीन. शाळेत त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरही गाव त्यांना गुरुजीच म्हणत राहिलं. पुस्तिकेची पानं त्याच हिशेबानं वाटा.

लढाईचं अजिबात लिहू नका असं नाही. जेवढं कागदावर आणि धातूवर आहे, तेवढं नक्की लिहा. आधी मेडल नीट पाहा. सहा टोकांचा तारा असेल, मधोमध मुकुट आणि राजाची आद्याक्षरं असतील, तर भोवतीच्या कड्यावरची अक्षरं भिंगातून वाचा. ‘इटली स्टार’ची फीत लाल, पांढरी, हिरवी, पुन्हा पांढरी, लाल अशी असते, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. फीत वाळूच्या रंगाची आणि मधे लाल पट्टा असेल, तर तो ‘आफ्रिका स्टार’. मेडल चकचकीत करायला घासू नका. अक्षरं झिजतात.

तो इंग्रजी कागद बहुतेक डिस्चार्जचा, म्हणजे फौजेतून मोकळं केल्याचा असणार. त्यावर सैनिक क्रमांक, भरतीची तारीख आणि बटालियन सापडेल. बटालियन सगळ्यात महत्त्वाची, कारण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वेगवेगळ्या बटालियन इटलीत वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते लढताना धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. त्यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं आणि मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, घाडग्यांना मरणोत्तर. आजोबांची बटालियन नक्की झाल्याशिवाय यातली कुठलीही लढाई त्यांच्या नावावर लावू नका, अगदी ‘असतील कदाचित’ म्हणूनही नाही. जो माणूस सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्यावर गप्प राहिला, त्याच्या तोंडी आपण मागाहून शौर्यकथा घालणं मला फार चुकीचं वाटतं. ते बोलत नसत, हेच एका वाक्यात लिहा. ती खरी माहिती आहे.

घरात जुनी पत्रं सापडली तर त्यात गावांची नावं शोधत बसू नका. सैनिकांची पत्रं सेन्सॉर होत, ठिकाण लिहायला बंदी असे. फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का मात्र जपून ठेवा, त्याच्या क्रमांकावरून जाणकार माणूस माग काढू शकतो. बेळगावचं रेजिमेंटल सेंटर आणि आपल्या जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय, दोन्हीकडे क्रमांकासह लेखी अर्ज करा.

आता शाळा. इथे माझा जीव जास्त गुंततो, कारण मीही खडूवरच आयुष्य काढलं. आजोबा लोकल बोर्डाच्या काळात लागले असतील. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. नेमणुका आणि बदल्या सेवापुस्तकात मिळतील, पण माणूस तिथे भेटत नाही. तो भेटतो शाळेच्या शेरेबुकात. दिपोटीसाहेब, म्हणजे शिक्षणखात्याचे डेप्युटी, तपासणीला आले की त्यात शेरा मारून जात. असं एक शेरेबुक मी वाचलंय : ‘तिसरीचे पाढे चांगले. हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे. शिक्षक निवृत्त सैनिक, कवायत उत्तम.’ तीन ओळी, पण वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. मुख्याध्यापकांना विनंती करून जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवहीही बघा. आजोबांच्या हातच्या नोंदी असतील, तर त्यातल्या एका पानाचा फोटो पुस्तिकेत घ्या. मेडलच्या फोटोएवढाच मोठा.

आणि विद्यार्थ्यांकडे जा. पहिल्या तुकड्यांतली मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम सगळ्यात आधी. ‘गुरुजी कसे होते?’ असं विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर येईल. बारीक विचारा. वर्गात शिरताना काय म्हणायचे? पाटी कशी तपासायचे? पावसात ओढा भरला की मुलांना घरी कोण सोडायचं? पुस्तक नसलेल्या मुलाचं काय व्हायचं? मोठ्यांना शिकवायला रात्री वर्ग भरायचे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. ग्रामशिक्षण मोहीम 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. दिवसभर पोरं शिकवून रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्याच आईबापांना अक्षरओळख करून देणारे हेच प्राथमिक शिक्षक होते. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजोबांनी ज्यांना सही करायला शिकवलं, अशी एखादी आजी अजून असेल तर तिची सही पुस्तिकेत छापा. काकांना मी स्वतः सांगेन की याहून मोठं मेडल नाही.

प्रश्न : आमच्याही गुरुजींवर गौरवलेख लिहायचा आहे. ते फौजेतून आलेले, शिकवायचे जीव तोडून, पण छडी फार चालायची. हे लिहावं का? – एक माजी विद्यार्थी

उत्तर : लिहा. त्या काळी सगळेच मारायचे, या वाक्याआड मात्र लपू नका. सगळे मारत नव्हते. शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आजचा वाचक त्याच नजरेनं वाचणार, आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्याने छडीमुळेच शाळा सोडली असेल तर तोही वाचणार. त्याला आधी भेटा, त्याचं ऐकून घ्या. त्याची हरकत नसेल तर त्याच्याच शब्दांत दोन ओळी घ्या, नाव न घालता. लेख गुरुजींच्या घरच्यांना छापायच्या आधी दाखवा, नंतर नाही.