नुसता नकाशा काढून एवढं नाव कसं होतं?

प्रश्न : ताई, मुलगी भूगोलात एमए करतेय, आता साथीच्या रोगांच्या नकाशांवर पीएचडी करायची म्हणते. सारखं डॉ. सायमन हे (Hay) यांचं नाव घेते. नकाशे काढणाऱ्याच्या पेपरचा जग एवढा संदर्भ का देतं हो?

उत्तर : अहो, कारण त्या नकाशावरून आकडा निघतो! डॉ. हे मूळचे ऑक्सफर्डच्या झूलॉजीतले, सॅटेलाइटवरून पाऊस-तापमान बघून मलेरिया कुठे पसरेल ते शोधायचे, मग २००५ला मलेरिया संशोधक बॉब स्नो यांच्याबरोबर मलेरिया अ‍ॅटलस प्रोजेक्ट सुरू केला, नंतर अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेले. २०१३चा त्यांच्या टीमचा ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला डेंग्यूचा पेपर तर बघाच, वर्षाला ३९ कोटी लोकांना लागण, पैकी ९.६ कोटींनाच लक्षणं दिसतात, आणि लक्षणं दिसणाऱ्यांतले ३४ टक्के एकट्या भारतात! डब्ल्यूएचओचा आधीचा अंदाज होता ५ ते १० कोटी. आता लस, औषध, डास कशावरही लिहा, सुरुवातीला हा आकडा द्यावाच लागतो, म्हणून सायटेशन, म्हणजे पेपरचा संदर्भ देणं, वाढतं. पण हे सगळं टीमचं काम असतं, पहिलं नाव समीर भट्ट यांचं आहे. मुलीला स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग आत्तापासूनच शिकू द्या, आणि प्लीज अडवू नका तिला.